अर्धी बादली

ते साल एकोणीसशे त्र्याहत्तर. साल पक्कं सांगता येतं, कारण त्याच वर्षी समुद्रकेंद्राच्या चौऱ्याण्णव पायऱ्यांना लोखंडी कठडा बसला. ज्या बाईला त्याची खरी गरज होती, ती तोवर अकरा वर्षं त्याच्याविना चढउतार करून गुडघे घालवून बसली होती.

तिला सगळे मोजणीबाई म्हणत. कागदोपत्री ती 'हंगामी साहाय्यक' होती. हंगाम अकरा वर्षं संपला नव्हता. केंद्र म्हणजे खडकाळ किनाऱ्यावरच्या कड्यावर चार खोल्या. एक मोठ्या सरांची, एक प्रयोगशाळा, एक बरण्यांची आणि एक बंद, जिच्या किल्लीचा पत्ता कुणालाच नव्हता. मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर होतं. ते मोजणीबाईला नोकरीबरोबर मिळालं होतं आणि नोकरीबरोबरच जाणार होतं. तिथे ती, तिची शाळकरी लेक आणि अंथरुणाला खिळलेली सासू अशा तिघी राहत. नवरा मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळायचा. दोन-अडीच महिन्यांनी उगवायचा, चार दिवस झोपून काढायचा आणि परत जायचा. सासू म्हणायची, "माझ्या लेकापेक्षा पाहुणा बरा. पाहुणा निदान जाताना आपलं ताट उचलतो."

केंद्रात एकाच माशाचं काम चाले. ओहोटीला खडकांच्या खोबणींत जी डबकी उरतात, त्यांत तो राहायचा. बोटभर लांब, अंगाने चपटा, आणि रंग भोवतीच्या शेवाळासारखा: हिरव्यात हिरवा, तपकिरीत तपकिरी. किनाऱ्यावरचे लोक त्याला शेवाळी म्हणत. खायच्या कामाचा नाही, शोभेचाही नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. मोठे सर मात्र तीस वर्षं बघत होते. कारण बाकीचे मासे पाण्यात अंडी सोडून मोकळे होतात. शेवाळी मोकळी होत नाही. ती नराचं बीज अंगात साठवून ठेवते, पिल्लं पोटात वागवते, आपल्याच अंगातल्या रसावर वाढवते. पिल्लू बाहेर येतं ते नखाएवढं, पण सगळं घेऊनच: डोळे, कल्ले, पंख, आणि आल्याआल्या शेवाळात दडण्याची अक्कल.

मोजणीबाईचं काम असं. ओहोटीच्या वेळी खाली जायचं. तिथे जाळेवाले काका आपल्या हातजाळ्याने शेवाळ्या पकडून बादलीत टाकत. भरलेली बादली घेऊन वर यायचं, मासे औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी एकेक मादी मोजून, पोट उघडून, आतली पिल्लं सुईच्या टोकाने वेगळी करून वहीत लिहायची. वहीला चार रकाने होते: लांबी, वजन, पिल्लं, खुरटी.

'खुरटी' हा रकाना सरांचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "सर, पिल्लांच्या मागे ही बारीक, राईच्या दाण्यासारखी आहेत. ही कशात धरू?"

"ती खुरटी. न वाढलेली. दरवेळी काही वाया जातातच," सर म्हणाले. "वेगळ्या रकान्यात टाका, हिशेबात धरू नका."

तिने टाकली. पुढे तीस हजारांहून जास्त माद्या तिच्या हाताखालून गेल्या आणि प्रत्येकीच्या पोटात खुरटी निघालीच. कधीमधी तिच्या मनात यायचं, की घरोघरी इतकी खुरटी निघतात म्हणजे नवलच. पण तिला घरी जाऊन सासूची कूस बदलायची असायची, चादरी धुवायच्या असायच्या, लेकीचा गणवेश इस्त्री करायचा असायचा. नवल करायला वेळ लागतो.

आणि एक गोष्ट ती करायची, जी तिला कुणी सांगितली नव्हती आणि कुणी करू नकोस असंही म्हटलं नव्हतं. बादली जड. खाली पाण्यात माणसाला जोर वाटतो, पण बाराव्या पायरीवर जिना वळतो तिथे पोचेपर्यंत खांदा खोबणीतून निखळतोय असं व्हायचं. तिथे ती बादली टेकवायची, तळवा आडवा धरून मासे अडवायची आणि अर्धं पाणी कडेने खाली ओतून द्यायची. मासे बुडतील एवढं पाणी उरलं म्हणजे झालं. पुढच्या ब्याऐंशी पायऱ्या मग अर्ध्या ओझ्याच्या. अकरा वर्षं, आठवड्यातून चार-पाच वेळा, बाराव्या पायरीवर अर्धी बादली.

त्या वर्षी सर निवृत्त होणार होते. त्यांचं शेवाळीवरचं पुस्तक छापखान्यात गेलं होतं आणि तपासायची पानं पुडक्यांनी येत होती. पुस्तकाचं सार सर कुणालाही दोन वाक्यांत सांगत: शेवाळी ही काटकसरी आई आहे. वर्षातून एकदा, एकाच वयाची, मोजकी पिल्लं. हे 'मोजकी' मोजणीबाईने मोजलेलं होतं.

त्याची सरांना जाण होती. जाण्याआधी तिला कायम करून घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. पत्राचा कच्चा मजकूर त्यांनी तिला वाचून दाखवला, त्यात शेवटी होतं, "या बाईंच्या मोजणीत अकरा वर्षांत एकही चूक झालेली नाही." वाचून झाल्यावर सरांनी चष्मा पुसला. तिनेही पदराने डोळे टिपले. कायम झाली असती तर घर राहिलं असतं. अंथरुणातली म्हातारी, शाळा पुरी व्हायची असलेली लेक, आणि बोटीवरच्या माणसाला परत यायला एक दार, हे सगळं त्या एका ओळीवर उभं होतं.

हिवाळा सरत आला होता. एका मंगळवारी मोजणीबाईच्या अंगात ताप होता. खाली गेली खरी, पण बादली उचलताना तोल गेला आणि ती खडकावर बसली.

"उठा, उठा. मासे मी पकडायचे आणि बाई पण मीच उचलायच्या काय?" जाळेवाले काका म्हणाले. काका सत्तरीचे, लाकडासारखे वाळलेले. पायांना जन्मभर खारं पाणी लागून ते पांढरेफटक पडलेले. त्यांनी जाळं तिच्या हातात दिलं आणि बादली स्वतः घेतली. त्यांना वाटेत ओतायची सवय नव्हती. वर जाऊन त्यांनी काठोकाठ भरलेली बादली प्रयोगशाळेच्या फरशीवर ठेवली, म्हणाले, "या सरांना सांगा, पुढच्या जन्मी कड्याच्या खाली केंद्र काढा," आणि कंबर धरून उतरून गेले.

मोजणीबाईने मासे काढायला हात घातला. पाण्यात शेवाळाचे तुकडे होते, नेहमीसारखे. त्यांच्यामधे काळे ठिपके होते. जोडीजोडीने. ते हलत होते.

तिने बादली खिडकीखाली ओढली. काचेसारखी पारदर्शक अंगं, त्यांना काळे डोळे. नखाएवढी पिल्लं. तिला मोजल्याशिवाय राहवेना. एक्केचाळीस भरली.

सर हातात छापील पानं घेऊन आले. "डबक्यातली असतील. जाळ्याबरोबर आली. ओतून द्या," असं म्हणून ते पानांत डोकं घालून परत गेले.

तिलाही तसंच वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी तिने काकांना विचारलं, "काका, काल जाळ्यात पिल्लं आली होती का हो?"

काकांनी जाळं तिच्या तोंडासमोर धरलं. "ही भोकं बघा. अंगठा जातो आरपार. यात पिल्लू अडकलं तर मी त्याला बक्षीस देईन."

"मग बादलीत कुठून आली?"

"कुठून म्हणजे? बादलीतच होतात. रोज होतात."

"रोज?"

"पोटुशी टाकली की घटकाभरात चार-दोन तरी सुटतातच."

"आणि हे तुम्ही मला अकरा वर्षांत सांगितलं नाहीत?"

"मला विचारलंत का कधी?" काका खरोखरच गोंधळले. "तुम्ही शिकलेली माणसं, भिंगं लावून बघता. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच ओतता."

त्या संध्याकाळी सासूचं अंग पुसताना तिचा हात थरथरत होता. सासू पन्नास वर्षं सुईणीचं काम केलेली बाई. पाय गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"काय झालंय गं?"

"ताप आहे अंगात, आई."

"तापाने हात गरम होतो. थरथरतो तो भीतीने. हजार बायकांचे हात धरलेत मी, मला शिकवू नकोस."

मग तिने सांगितलं. बादली, पिल्लं, काका, सगळं. सासूने छताकडे बघत ऐकून घेतलं.

"यात कसलं नवल?" ती म्हणाली. "दचकली की बाई सुटते. बंदरावरच्या गोदामांना आग लागली त्या दिवशी मी तीन बाळंतपणं केली. तिघींचे दिवस भरत आले होते. कच्च्या दिवसांच्या होत्या त्यांनी धरून ठेवलं. भरलेलं असतं तेच सुटतं. जाळ्यात धरून बादलीत आपटल्यावर तुझी मासोळी काय गाणी म्हणेल? बरं, सुटल्यावर आत मागे काय उरतं?"

"मधल्या वाढीची असतात. आणि खुरटी."

"खुरटी कुणी म्हटलं?"

"सरांनी."

"सर किती वेळा बाळंत झालेत?"

मोजणीबाईला हसू आलं, आणि हसता हसता अंग पुसायचं फडकं तिच्या हातात तसंच राहिलं.

गुरुवारी ओहोटी सकाळी होती. ती एकटीच इनॅमलचं पांढरं घमेलं घेऊन उतरली. समुद्राचं पाणी तिने मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळून घमेल्यात घेतलं, उजेडात धरून बघितलं. स्वच्छ. मग काकांना सांगून फुगल्या पोटाची एकच मादी त्यात सोडायला लावली आणि खडकावर बसून राहिली.

मादी घमेल्याच्या कडेला लागून थरथरत होती. कल्ले भराभर हलत होते. थोड्या वेळाने तिने अंगाला बाक दिला आणि तिच्या पोटाखालून काहीतरी सांडलं, पाण्यात पाणी सांडावं तसं. मग त्याला डोळे दिसले. पिल्लू क्षणभर तळाला पडून राहिलं आणि लगेच आईच्या सावलीखाली पळालं. मागोमाग दुसरं. मग दोन एकदम. काका गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते. "बघा," ते म्हणाले, जणू काही त्यांनीच ती घातली होती.

चौतीस झाली. त्या दिवशी बाराव्या पायरीवर ती टेकली, पण एक थेंब सांडू दिला नाही.

वर आल्यावर तिने नेहमीसारखं औषध वापरलं नाही. मादीला लगेच उघडलं. आत मधल्या वाढीची एकोणतीस होती, पांढुरकी, डोळे नुकते काळे होत आलेली. आणि त्यांच्या मागे राईच्या दाण्यांएवढी सव्वीस खुरटी. तिने काचेच्या तीन बश्या शेजारी शेजारी मांडल्या: बाहेर आलेली, मधली, खुरटी. मग तिसरी बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

अकरा वर्षं तिने ती मेलेलीच बघितली होती, औषधात रात्रभर पडून कडक झालेली. आज ती ताजी होती. प्रत्येक दाण्यात एक लाल टिंब होतं आणि ते टिंब उडत होतं. थांबत, पुन्हा उडत. सव्वीसच्या सव्वीस हृदयं चालू होती.

ती खुरटी नव्हती. ती रांगेतली पुढची होती. पहिली सुटली की मधली पुढे सरकणार, मधली सुटली की ही. आणि तोवर अंगात साठवलेल्या बिजातून आणखी धरली जाणार. शेवाळी वर्षातून एकदा बाळंत होत नव्हती. ती कधी रिकामीच होत नव्हती.

मोजणीबाई स्टुलावर बसून राहिली. तिला माशाची कीव आली नाही की कौतुक वाटलं नाही. एवढंच वाटलं, की हे आपल्याला माहीत होतं. एकीला भरवून होत नाही तो दुसरीचं पुसायचं, ते होत नाही तो तिसरीचं शिवायचं. याला काटकसर म्हणणारा माणूस पुरुषच असणार.

मग तिला वह्या आठवल्या. शेहेचाळीस वह्या, तिच्या हाताने लिहिलेल्या. भरत आलेली पिल्लं बाराव्या पायरीवरून आणि उरलीसुरली वर मासे काढून ओतलेल्या पाण्यातून गेलेली, कोवळी सरांच्या रकान्यात वाया गेलेली, आणि मधे जी उरली ती 'मोजकी'. एकेक आकडा बरोबर होता आणि सगळी मोजणी चूक होती. सरांनी नुसतं नाव चुकीचं दिलं होतं. पाणी तिने ओतलं होतं.

ती गुरुवारी बोलली नाही. शुक्रवारी सकाळीही नाही. चौतीस पिल्लं तिने बरणीत ठेवून बंद खोलीच्या दाराशेजारच्या अंधाऱ्या कोनाड्यात सरकवली, चोरीचा माल ठेवावा तशी. शुक्रवारी दुपारी सरांनी बोलावलं. टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक, टाइप होऊन आलेलं तिचं पत्र. दुसरी, पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाची पानं.

"सही केली, उद्याच्या टपालात टाकतो," सर खुशीत म्हणाले. "आणि हे जरा बघता? आकडे जुळतात ना तेवढं बघा."

तिने पान हातात घेतलं. 'खुरट्या गर्भांवरून या मातेची मर्यादित शक्ती दिसून येते,' असं एक वाक्य होतं. तिने ते दोनदा वाचलं.

पुढे लोक म्हणाले, बाई सत्यवचनी. तिला स्वतःला ते कधी पटलं नाही. ती थकलेली होती, एवढंच खरं. खोटं सांभाळायलाही रोज उठून थोडं बळ लागतं, त्याला खाऊपिऊ घालावं लागतं, आणि तिच्या घरात आणखी एकाला सांभाळायला जागा नव्हती.

"सर," ती म्हणाली, "पत्र टाकू नका. चूक झाली आहे."

तिने बरणी आणली. तीन बश्या दाखवल्या. लाल टिंबं तोवर थांबली होती, पण तीन वयं सरळ दिसत होती. बाराव्या पायरीचंही सांगितलं. सांगताना ती उभीच होती. सर बसले होते. सांगून झाल्यावर त्यांनी बश्या एकेक करून उजेडात धरून बघितल्या. 

मग ते म्हणाले, "कुठे ओतायचात?"

"वळणावर."

"चला, दाखवा."

दोघं उतरली. बाराव्या पायरीवर तिने जागा दाखवली. सर कडेला ओणवे झाले. खाली पुरुषभर अंतरावर खडकात एक खोलगट डबकं होतं. इतर डबक्यांपेक्षा बरंच वर. मोठ्या भरतीलाच काय ते तिथे पाणी पोचायचं. एवढ्या वर शेवाळी राहत नाही, असं सरांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात होतं, म्हणून सर तिथे कधी वाकले नव्हते. आज ते पायरीवर पोटावर आडवे झाले, चांगल्या पॅंटसकट. डबक्यातलं शेवाळ हलत होतं, आणि मग ते शेवाळ नव्हतं. लहान, मधल्या, बोटभर, दाटीवाटीने शेवाळ्या.

खालच्या खडकांवरून काकांनी ओरडून विचारलं, "काय बघताय, सर? ते बाईंचं डबकं!"

"तुम्ही यातले कधी पकडले नाहीत?" सरांनी विचारलं.

"ते तुमचेच आहेत. बाई सोडतात. सोडलेलं पुन्हा कशाला पकडायचं?"

सर उठून पायरीवर बसले. कपड्यांवरची वाळू झटकायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. "तीस वर्षं, बाई," ते म्हणाले. तिच्याकडे बघून नव्हे, समुद्राकडे बघून. मग म्हणाले, "खुरटी हा शब्द माझा. तुमचं फक्त पाणी." आणि मग, थोडं थांबून, खरं तर तिच्यावर चिडूनच, "पण अर्धी बादली, बाई? एका तरी दिवशी भरलेली आणायची होती!"

"तुम्ही एका तरी दिवशी उचलून बघायची होती," ती म्हणाली. असं ती अकरा वर्षांत बोलली नव्हती.

दोन दिवस सर तिच्याशी बोलले नाहीत. चहाही स्वतः करून घेतला, त्यात दूध नासलं. सोमवारी त्यांनी छापखान्याला पत्र लिहून पुस्तक परत मागवलं. आणि मोजणीबाईचं पत्र त्यांनी फाडलं नाही; स्वतःच्या हाताने शेवटची ओळ बदलली. तिला वाचायला दिलं. आता तिथे होतं, "या बाईंच्या मोजणीत अकरा वर्षांत एकच चूक झाली, आणि ती त्यांनीच शोधून काढली."

"कसं वाटतं?" सरांनी विचारलं. त्यांच्या मते, कुणाला कधी मिळाली नसेल अशी शाबासकी त्यांनी तिला दिली होती.

तिला कचेऱ्या ठाऊक होत्या. "सर, हे असं नका लिहू."

"का? खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच म्हणते."

"छे, छे," सर म्हणाले आणि लिफाफा बंद केला.

उरलेले सहा महिने सर रोज खाली आले. बादली काठोकाठ भरायची, कडीला एका बाजूने त्यांनी धरायचं, दुसऱ्या बाजूने तिने, आणि चौऱ्याण्णव पायऱ्या न सांडता चढायच्या. पंधरा-पंधरा पायऱ्यांवर दोघांना थांबावं लागे. सर हाशहुश करत विचारायचे, "हे तुम्ही एकटीने?" आणि ती म्हणायची, "अर्धीच हो, सर." याच दिवसांत त्यांनी वरच्या कचेरीच्या मागे लागून तो कठडा बसवून घेतला. वहीचे रकाने बदलले. 'खुरटी' खोडून तिथे 'तिसरी' आलं. काही मोठ्या माद्यांच्या बाबतीत 'चौथी'सुद्धा काढावी लागली.

सरांचं पुस्तक पुन्हा कधी छापखान्यात गेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी नऊ पानांचा एक लेख लिहिला. त्याच्या तळटिपेत, 'बादलीतल्या पाण्याकडे लक्ष वेधल्याबद्दल' एका साहाय्यक बाईंचे आभार आहेत. पुढे ज्यांनी ज्यांनी शेवाळीवर काम केलं त्यांनी त्या नऊ पानांचा उल्लेख केला. तीस वर्षांच्या कामाचा नाही. सर बहिणीकडे राहायला गेले, तिथेच आठ वर्षांनी वारले. शेवटी शेवटी माणसं ओळखत नसत, पण घरात कुणी बादली ओतायला लागलं की ओरडत, "आधी बघा!"

कचेरीचं उत्तर चौदा महिन्यांनी आलं. मोजणीत चूक झाल्याचं खुद्द केंद्रप्रमुखांनी मान्य केलेलं असल्याने विनंतीचा विचार करता येत नाही, असं त्यात होतं. हंगाम संपला, आणि त्या पुढच्या महिन्यात घर सोडावं लागलं. जाळेवाल्या काकांनी आपल्या घराची वरची खोली दिली. चौघांनी खाटेसकट सासूला उचलून नेलं. वाटेभर ती खाट कशी धरावी ते शिकवत होती. त्याच खोलीत दोन वर्षांनी ती गेली. शुद्धीवर असतानाच म्हणाली, "सूनबाई, आता जरा बस."

काका अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले आणि शेवाळीचा शोध आपणच लावला असं मरेपर्यंत सांगत राहिले. त्यात खोटं काहीच नव्हतं. नवरा बोटीवरून कायमचा उतरला तो कान गेल्यावर. मग तो पाणी भरू लागला, ताटंही उचलू लागला, पण ते बघायला त्याची आई उरली नव्हती. लेक परिचारिका झाली, बाळंतिणींच्या विभागात.

मोजणीबाईला गावच्या रुग्णालयात काम मिळालं, रक्तातल्या पेशी मोजायचं. तिथे जिना नव्हता. एकवीस वर्षं तिने मोजलं, आणि तिथल्या मुली सांगत, की बाईंनी कधी कुठलं भांडं उजेडात धरून बघितल्याशिवाय विसळलं नाही. निवृत्तीनंतर एकदा लेक तिला केंद्र दाखवायला घेऊन गेली. चारही खोल्यांना आता कुलूप होतं आणि कठडा गंजून अर्धा गळून पडला होता. बाराव्या पायरीपर्यंत उतरायचं तिच्या मनात होतं, पण गुडघ्यांनी नाही म्हटलं.

"तू जा," ती लेकीला म्हणाली. "वळणावर वाकून बघ."

लेक गेली. बराच वेळ वाकून बघत राहिली. वर आल्यावर म्हणाली, "आई, नुसतं शेवाळ आहे गं."

"हलत होतं का?"

"हो, हलत तर होतं."

"मग असतील," मोजणीबाई म्हणाली, आणि कड्यावरच्या दगडावर टेकली. घरी जायला अजून वेळ होता.